पासवर्ड बदलण्याआधी सर्व्हरचं उत्तर वाचा

नागपुरात छोट्या धंद्यांच्या बऱ्याच वेबसाइट ओळखीतून तयार होतात. धरमपेठेतली शिकवणी असो, इतवारीतलं मसाल्याचं दुकान असो की काटोलकडची संत्र्याची बाग, घरातला इंजिनिअरिंगचा भाचा किंवा परसोडीच्या आयटी पार्कात कामाला असलेला ओळखीचा मुलगा सवडीने साइट उभी करून देतो. मग तो नोकरीसाठी पुण्याला नाहीतर हैदराबादला जातो. दिवाळीच्या तोंडावर नवे दर आणि नवे फोटो चढवायची वेळ येते, तेव्हा ते काम आपल्या अंगावर पडतं.

जुन्या ईमेलमधून माहिती शोधून आपण ती भरता, जोडणीचं बटण दाबता आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटतात. अशा वेळी जवळपास प्रत्येकाचा हात पुन्हा त्याच पासवर्डकडे जातो. एकदा टाकून बघायचा, मग पुन्हा एकदा, मग जरा स्पेलिंग बदलून. त्यातून साधत काहीच नाही. उलट, कुणीतरी अंदाजाने पासवर्ड टाकून घुसू पाहतंय असं समजून सर्व्हर आपल्याला बाहेरच ठेवतो आणि एका अडचणीच्या दोन होतात.

काम कुठे अडलं हे सर्व्हर दर वेळी सांगत असतो, बहुतेकदा तीन आकडी क्रमांकातून. तो वाचता आला की कुठे हात घालायचा ते कळतं. त्यासाठी लॉगिनच्या पायऱ्या क्रमाने पाहू.

आधी चार शब्द

होस्टिंग म्हणजे आपल्या वेबसाइटच्या फाइली ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा. ती जागा ज्या संगणकावर असते तो सर्व्हर. हा संगणक दिवसरात्र इंटरनेटला जोडलेला असतो आणि एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांच्या साइट नांदत असतात.

आपल्या संगणकावरून तिथे फाइली नेण्याची जुनी, रुळलेली पद्धत म्हणजे एफटीपी, अर्थात फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. ती पहिल्यांदा कागदावर मांडली एका भारतीयाने. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण एमआयटीत असताना १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांचा आरएफसी ११४ हा दस्तऐवज निघाला. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. आज सर्व्हर जे उत्तर-क्रमांक देतात, ते १९८५ च्या आरएफसी ९५९ या आवृत्तीतले आहेत.

तिसरा शब्द क्लायंट. आपल्या बाजूने सर्व्हरशी बोलणारा हा प्रोग्राम. फाइलझिला आणि विनएससीपी हे दोन फुकट मिळणारे क्लायंट आपल्याकडे जास्त वापरात आहेत. ब्राउझरमध्ये एफटीपीचा पत्ता टाकून काम व्हायचं, ते दिवस संपले. फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली. जुन्या ईमेलमधल्या त्या दुव्यावर क्लिक करून काही उघडत नसेल, तर ती लॉगिनची चूक नाही. क्लायंट उतरवून घ्या.

चौथा शब्द पोर्ट. सर्व्हरवर एकेका कामासाठी नेमून दिलेला क्रमांक म्हणजे पोर्ट. एफटीपीचा २१, तर एसएफटीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीचा २२. हे दोन आकडे पुढे वारंवार लागतील.

पायरी पहिली : नोंद वाचायला शिका

फाइलझिलाच्या खिडकीत वरच्या बाजूला ओळी सरकत जातात. ती नोंद, म्हणजे लॉग. घाईत कुणी तिकडे बघत नाही, पण सगळं उत्तर तिथेच असतं. पासवर्ड चुकल्यावर तिथे साधारण असा मजकूर दिसतो. पडद्यावर तो रोमन लिपीत असतो.

रिझॉल्व्हिंग ॲड्रेस
कनेक्टिंग, पोर्ट २१
कनेक्शन एस्टॅब्लिश्ड, वेटिंग फॉर वेलकम मेसेज
टीएलएस कनेक्शन एस्टॅब्लिश्ड
कमांड : यूजर
रिस्पॉन्स : ३३१ यूजर ओके, पासवर्ड रिक्वायर्ड
कमांड : पास, पुढे चांदण्या
रिस्पॉन्स : ५३० लॉगिन ऑथेंटिकेशन इनकरेक्ट
क्रिटिकल एरर : कुड नॉट कनेक्ट टू सर्व्हर

शेवटची लाल ओळ सगळ्यात कमी उपयोगाची. अडचण कुठलीही असो, ती तशीच येते. तिच्या वरची ओळ वाचा. या नोंदीत पत्ता सापडला, जोडणी झाली, सुरक्षित मार्ग तयार झाला आणि अडलं ते पासवर्डानंतर. म्हणजे इंटरनेट, राउटर आणि पोर्ट यांना हात लावायची गरजच नाही.

तीन आकड्यांतला पहिला आकडा महत्त्वाचा. २ आला तर काम झालं. ३ आला तर सर्व्हर पुढची माहिती मागतो आहे. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने बघा. ५ म्हणजे नकार. तीच माहिती पुन्हा दिली तर तेच उत्तर येणार. ५३० पाहिल्यावर तोच पासवर्ड परत टाकण्यात अर्थ नाही, तो यामुळे.

क्रमांक दिसलाच नाही, तर सर्व्हरशी बोलणंच सुरू झालेलं नाही. मग पासवर्डाचा प्रश्न उद्भवत नाही. अडचण पुढच्या दोन पायऱ्यांत आहे.

पायरी दुसरी : पत्ता सापडत नाही

पहिल्याच ओळीनंतर गाडी थांबली आणि ईएआय नोनेम अशी अक्षरं दिसली, तर आपण दिलेल्या नावाचा सर्व्हर इंटरनेटवर सापडलेला नाही. होस्टच्या रकान्यात काय भरलं ते पाहा. एचटीटीपीएस आणि त्यापुढच्या तिरक्या रेघा नकोत, शेवटी तिरकी रेघ नको, मधे मोकळी जागा नको. बहुतेक चुका इथेच निघतात.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नुकतंच घेतलं असेल किंवा एका कंपनीतून दुसरीकडे हलवलं असेल, तर त्याची नवी नोंद सगळीकडे पोचायला काही तास, कधी दोन दिवसही लागतात. तोवर थांबायची गरज नाही. होस्टिंग घेताना आलेल्या स्वागताच्या ईमेलमध्ये सर्व्हरचं स्वतःचं नाव किंवा आयपी, म्हणजे त्याचा आकडी पत्ता, दिलेला असतो. तो होस्टच्या रकान्यात भरा.

२०१४ पासून देवनागरीत डॉट भारत हे डोमेन मिळतं. आपली साइट तशा नावाची असेल, तर काही क्लायंट देवनागरी नाव घेत नाहीत. त्या नावाला एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन रूप असतं. ते वापरा किंवा सरळ सर्व्हरचं नाव टाका.

पायरी तिसरी : पत्ता सापडतो, पण जोडणी होत नाही

इथे दोन प्रकारची उत्तरं येतात आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. कनेक्शन रिफ्यूज्ड किंवा ईकॉनरिफ्यूज्ड आलं, तर बहुतेकदा सर्व्हर जागेवर आहे पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. पोर्टचा आकडा चुकला आहे, किंवा कंपनीने साधं एफटीपी बंद करून फक्त एसएफटीपी ठेवलं आहे. ईमेलमधला पोर्ट पुन्हा तपासा. काही कंपन्या एसएफटीपीसाठी २२ ऐवजी वेगळाच आकडा देतात.

कनेक्शन टाइम्ड आउट आलं, तर समोरून काहीच उत्तर नाही. फाइलझिला मुळात २० सेकंद वाट पाहून सोडून देतो. असं होतं तेव्हा वाटेत कुणीतरी अडवत असतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि बऱ्याच कार्यालयांत पोर्ट २१ आणि २२ मुद्दाम बंद ठेवलेले असतात. अँटिव्हायरसची फायरवॉल, म्हणजे ये-जा तपासणारा पहारा, हेही कारण असू शकतं.

याची परीक्षा सोपी आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून त्यावरून जोडून पाहा. तिथे झालं तर दोष आपल्या नेहमीच्या जोडणीत आहे. तिथेही झालं नाही तर सर्व्हरकडे किंवा आपण भरलेल्या माहितीकडे बघा.

आणखी एक कारण पटकन लक्षात येत नाही. साइट क्लाउडफ्लेअर या मधल्या सेवेतून जात असेल, तर डोमेनच्या नोंदीपुढे नारिंगी ढगाचं चिन्ह असतं. संत्रानगरीत तो रंग शुभ असला तरी एफटीपीला तो आडवा येतो, कारण त्या ढगाआडून मुळात फक्त वेबची ये-जा होते. वेबसाइट छान दिसते, मात्र एफटीपी वाट बघत राहतं. होस्टच्या रकान्यात डोमेनऐवजी सर्व्हरचा आयपी टाका, किंवा एफटीपीची वेगळी नोंद ठेवून तिच्यापुरता ढग राखाडी करा.

पायरी चौथी : पद्धत कोणती, ते ठरवा

एफटीपी, एफटीपीएस आणि एसएफटीपी ही नावं सारखी दिसतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

साध्या एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघडेच जातात. वाटेत कुणी कान लावून बसला तर त्याला ते जसेच्या तसे वाचता येतात. स्टेशनवरच्या किंवा कॅफेतल्या फुकट वाय-फायवर तर ही पद्धत वापरूच नका. एफटीपीएसमध्ये तेच बोलणं टीएलएस नावाच्या सुरक्षित आवरणातून जातं. पोर्ट बहुतेक वेळा २१ च राहतो.

एसएफटीपी नावाने जवळची वाटली तरी तिचं कूळ निराळं. ती एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालते. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकल्यावर तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. म्हणजे आपण ज्या धोक्याबद्दल बोलतो आहोत, त्यातूनच ते जन्माला आलं.

पद्धत एफटीपी निवडून पोर्ट मात्र २२ लिहिला, तर फाइलझिला सांगतो की एसएफटीपी सर्व्हरशी एफटीपी जोडणी करता येत नाही, योग्य प्रोटोकॉल निवडा. पासवर्ड अगदी बरोबर असला तरी हेच होणार. फाइलझिलात साइट मॅनेजर उघडा, प्रोटोकॉलचा रकाना आणि पोर्ट एकमेकांशी जुळवा. वरच्या पट्टीतली झटपट जोडणी टाळा. साइट मॅनेजरमध्ये प्रत्येक गोष्ट डोळ्यांसमोर राहते.

पायरी पाचवी : प्रमाणपत्राची खिडकी

पहिल्यांदा जोडताना अनोळखी प्रमाणपत्र किंवा अनोळखी होस्ट-की अशी खिडकी उघडते. ही चूक नव्हे. सर्व्हर आपली ओळख दाखवतो आहे आणि ती आपल्या संगणकाने आधी पाहिलेली नाही, इतकंच. त्यावर आपल्या डोमेनऐवजी होस्टिंग कंपनीचं नाव असेल तर दचकू नका, कारण एका सर्व्हरवर अनेक साइट असतात. नाव आणि मुदत पाहून मान्य करा.

मात्र रोज चालणाऱ्या जोडणीत एक दिवस होस्ट-की बदलली आहे असा इशारा आला, तर सरळ हो म्हणू नका. कंपनीने सर्व्हर बदलला असेल तर तसं होतं, पण आधी त्यांना विचारा आणि मगच पासवर्ड द्या.

पायरी सहावी : ५३० आलं, तर आधी नाव तपासा

आता मुख्य ठिकाणी आलो. वरच्या नोंदीत ३३१ ची ओळ होती, नाव ठीक आहे, पासवर्ड द्या. ती वाचून लोक समजतात की नाव बरोबर आहे आणि पासवर्ड चुकला. तसं नसतं. अनेक सर्व्हर अस्तित्वात नसलेल्या नावालाही हेच उत्तर देतात, म्हणजे बाहेरच्याला कोणती नावं खरी आहेत याचा पत्ता लागू नये. ५३० चा अर्थ इतकाच, की नाव आणि पासवर्ड ही जोडी जुळली नाही.

सीपॅनेल असलेल्या होस्टिंगवर नावं दोन तऱ्हांची असतात. सीपॅनेल म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा होस्टिंगचा कारभार-फलक. मुख्य खात्याचं नाव छोटं असतं, एखाद्या शब्दाएवढं. नंतर बनवलेल्या प्रत्येक एफटीपी खात्याचं नाव मात्र पूर्ण लिहावं लागतं : खात्याचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग डोमेन. भाच्याने फोटो नावाचं खातं बनवलं असेल, तर नुसतं फोटो लिहून चालत नाही. ईमेलसारखं दिसतं म्हणून लोक मागचा भाग गाळतात, किंवा त्या जागी आपला जीमेलचा पत्ता टाकतात. ५३० ची बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

पायरी सातवी : पासवर्ड नेमका कशाचा?

महालातल्या एखाद्या जुन्या वाड्याला दिंडी दरवाजा, माडी, कोठी आणि देवघर यांची कुलपं वेगळी असायची, तसं या कामात आहे. होस्टिंग कंपनीच्या साइटवर बिल भरण्यासाठी एक पासवर्ड असतो. सीपॅनेलचा दुसरा. एफटीपी खात्याचा तिसरा. वर्डप्रेसमध्ये लेख लिहायला जातो तिथला चौथा. शिवाय साइटच्या ईमेलचा असेल तर पाचवा.

बिल भरायचा पासवर्ड एफटीपीला दिला की ५३० येणारच. ओटीपीही बहुतेक वेळा बिलाच्या किंवा फलकाच्या लॉगिनला लागतो. क्लायंटमधून एफटीपी करताना सहसा विचारत नाहीत. कुठे ओटीपी मागितला, तर आपण वेगळ्याच ठिकाणी लॉगिन करतो आहोत हे ओळखा.

शोधत बसण्यापेक्षा नवा पासवर्ड ठेवणं सोपं. सीपॅनेलमध्ये एफटीपी अकाउंट्स असा विभाग असतो. तिथे खात्यांची यादी, प्रत्येकाचं पूर्ण नाव, ते खातं कोणत्या फोल्डरात उघडतं आणि पासवर्ड बदलायचा दुवा, हे सगळं एका ठिकाणी मिळतं. नाव तिथूनच उचला म्हणजे सहाव्या पायरीची शंकाही फिटते.

पायरी आठवी : टाइप होताना काय बिघडतं

पासवर्ड बरोबर माहीत असतो, तरी पोचतो वेगळाच. रकान्यात ठिपके दिसत असल्याने चूक कळत नाही. मराठी टाइप करणाऱ्यांची नेहमीची चूक अशी : दुकानाची जाहिरात मराठीत लिहून झाली, कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिला आणि पासवर्ड देवनागरीत गेला. ठिपके तसेच दिसतात. खालच्या पट्टीत इंग्रजीची खूण आहे ना, कॅप्स लॉक बंद आहे ना, हे बघा.

उपाय साधा आहे. नोटपॅड उघडा, पासवर्ड तिथे लिहा, डोळ्यांनी वाचा, मग कॉपी करून रकान्यात टाका. नोटपॅड न साठवता बंद करा.

व्हॉट्सॲपवर आलेला पासवर्ड पाहून टाइप करणंही फसवं आहे. दोन चांदण्यांमधली अक्षरं व्हॉट्सॲप ठळक करून दाखवतो आणि चांदण्या गायब होतात. खालच्या रेघेचंही तसंच. मधली अक्षरं तिरकी होतात, रेघा जातात. पाठवणाऱ्याच्या मोबाइलने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलेलं असतं. वर्डमध्ये लिहून ठेवलेल्या पासवर्डातली सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. ईमेलमधून कॉपी करताना शेवटची मोकळी जागाही सोबत येते. शिवाय शून्य आणि ओ, एक आणि लहान एल हे जुळे भाऊ आहेतच.

एवढं करूनही ५३० येत असेल, तर काही वेळापुरता चिन्हांविना पासवर्ड ठेवा, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे, पण लांबलचक. त्याने लॉगिन झालं तर गोंधळ चिन्हांचा होता. मग हवा तसा बदला.

फाइलझिलाने जुना पासवर्ड साठवून ठेवला आहे का, तेही पाहा. फलकावर पासवर्ड बदलला की इथला आपोआप बदलत नाही. साइट मॅनेजरमध्ये जाऊन तो नव्याने भरावा लागतो.

पायरी नववी : सर्व्हरने आपल्यालाच बाहेर काढलं

लॉगिन वारंवार चुकलं की बरेच सर्व्हर आपला आयपी काही काळ अडवून ठेवतात. मग आधी येत असलेलं ५३० नाहीसं होतं आणि त्या जागी टाइम्ड आउट दिसू लागतं. कधी साइटसुद्धा आपल्या संगणकावर उघडत नाही, पण शेजाऱ्याच्या मोबाइलवर व्यवस्थित दिसते. ही या कोंडीची ठळक खूण.

अशा वेळी हात आवरा. अर्धा-एक तास काही करू नका. क्लायंट बंद ठेवा, कारण तो मागे आपोआप पुन्हा प्रयत्न करत राहतो. तरी सुटलं नाही तर आपला आयपी कंपनीला कळवून तो मोकळा करून घ्या. ब्राउझरमध्ये माझा आयपी काय असं इंग्रजीत शोधलं की तो आकडा दिसतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात वीज गेली-आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि घरगुती जोडणीला अनेकदा वेगळा आयपी मिळतो. त्यामुळे कोंडी आपसूक सुटते. उलटही घडतं : काही कंपन्या ठरावीक आयपीवरूनच आत घेतात, मग कालपर्यंत चालणारं लॉगिन वीज गेल्यानंतर थांबतं. मोबाइल जोडणीवर एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, म्हणून कधी दुसऱ्याच्या उपद्‍व्यापाची शिक्षा आपल्याला होते.

क्रमांक ४२१ आला आणि पुढे खूप जोडण्या झाल्याचं लिहिलं असेल, तर ती बंदी नव्हे. क्लायंट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो आणि सर्व्हरची मर्यादा ओलांडतो. साइट मॅनेजरमधल्या ट्रान्सफर सेटिंग्जमध्ये एकाच वेळच्या जोडण्या एक किंवा दोनवर आणा.

पायरी दहावी : खातंच थांबवलं नाही ना?

होस्टिंगची मुदत संपली की कंपनी खातं थांबवते आणि बरोबर पासवर्डालाही ५३० मिळतं. मुदतीची आठवण करणारी ईमेलं भाच्याच्या पत्त्यावर जात असतील तर आपल्याला कळणार कसं? साइट ब्राउझरमध्ये उघडून पाहा. अकाउंट सस्पेंडेड असा फलक दिसला तर आधी पैसे भरा, लॉगिनचं नंतर.

सीपॅनेल उघडत असेल तर खातं जिवंत आहे. मग त्यातलं फाइल मॅनेजरही वापरता येतं. फाइलींची झिप करून तिथे चढवा आणि तिथेच उलगडा. एफटीपीची अडचण निस्तरेपर्यंत दिवाळीचे दर तरी साइटवर दिसतील.

पायरी अकरावी : लॉगिन झालं, पण यादी येत नाही

२३० दिसलं म्हणजे लॉगिन झालं. त्यानंतर फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग आलं, तर पासवर्डाला दोष देऊ नका. एफटीपी दोन जोडण्यांवर चालतं. एकीवर आज्ञा जातात, दुसरीवर फाइली आणि त्यांची यादी. पहिली झाली, दुसरी अडली.

ही दुसरी जोडणी कुणी सुरू करायची यावरून दोन तऱ्हा आहेत. ॲक्टिव्हमध्ये सर्व्हर आपल्याकडे येतो आणि घरचा राउटर त्याला अडवतो. पॅसिव्हमध्ये आपण सर्व्हरकडे जातो. म्हणून ट्रान्सफर सेटिंग्जमध्ये पॅसिव्ह निवडा. पॅसिव्ह असूनही अडत असेल, तर हॉटस्पॉटवरून बघा. बहुधा कार्यालयाची फायरवॉल दुसरी जोडणी रोखते आहे. कंपनी देत असेल तर एसएफटीपी वापरा. तिथे सगळं एकाच जोडणीवरून जातं आणि हा प्रश्नच राहत नाही.

यादी आली आणि फाइल चढताना ५५० आलं, तर त्या फोल्डरात लिहायची परवानगी नाही किंवा आपण भलत्याच ठिकाणी आहात. सीपॅनेलवर मुख्य साइटच्या फाइली पब्लिक-एचटीएमएल या फोल्डरात जातात. ५५२ म्हणजे जागा भरली. सगळं चढलं तरी साइट जुनीच दिसत असेल, तर फाइलीच्या नावातली लहान-मोठी अक्षरं पाहा. लिनक्स सर्व्हरला मोठ्या आयचं इंडेक्स आणि लहान आयचं इंडेक्स या दोन वेगळ्या फाइली वाटतात.

कंपनीला लिहिताना

एवढ्यावरही अडलं तर होस्टिंग कंपनीच्या मदतकक्षाला लिहा. नुसतं लॉगिन होत नाही असं लिहिलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, पासवर्ड बदलून पाहा. त्यात दिवस जातो. त्याऐवजी पाच गोष्टी एकाच वेळी द्या : डोमेन, वापरलेलं पूर्ण नाव, पद्धत आणि पोर्ट, आपला आयपी, आणि प्रयत्न केल्याची वेळ. त्याखाली नोंदीतल्या ओळी जशाच्या तशा चिकटवा. हॉटस्पॉटवरून काय झालं तेही सांगा. वेळ दिली की त्यांना त्यांच्या बाजूची नोंद शोधता येते.

पासवर्ड मात्र लिहू नका, कुणी मागितला तरी. खऱ्या मदतनिसाला तो लागत नाही. त्याला नवा ठेवता येतो.

काम झाल्यावर लगेच

जोडणी झाली की दर चढवून मोकळं व्हावंसं वाटतं, पण आणखी थोडा वेळ द्या. एफटीपी खात्यांची यादी उघडा आणि कुणाची आहेत ते न कळणारी जुनी खाती काढून टाका. रोजच्या कामासाठी एकच खातं ठेवा, तेही साइटच्या फोल्डरापुरतं. फाइलझिलात पासवर्ड साठवत असाल तर मास्टर पासवर्ड लावा. तो नसेल तर साठवलेले पासवर्ड संगणकात शिरलेल्या व्हायरसला सहज वाचता येतात. २००९ मधल्या गंब्लर नावाच्या व्हायरसने अशाच चोरलेल्या एफटीपी पासवर्डांनी हजारो साइटमध्ये शिरकाव केला होता.

मग भाच्याला फोन लावा. डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या नावावर आहे, कोणत्या ईमेलवर, कोणत्या मोबाइलवर, मुदत कधी संपते, हे विचारून घ्या आणि सगळं आपल्या किंवा दुकानाच्या नावावर करून मागा. त्याच्याशी बोलणं चांगलं आहे तोवर हे पाच मिनिटांचं काम आहे. त्याचा नंबर बदलला, त्याने कंपनी सोडली, तो परदेशी गेला, की त्याच कामासाठी ओळखपत्रं आणि बिलं पाठवून कंपनीपुढे आपली मालकी सिद्ध करावी लागते.